नवा खेळ आणि स्वतःचा नियम

शुक्रवारची रात्र. आठवड्याचे काम आटोपलेले, जेवणे झालेली, घर शांत. बरेच दिवस वाट पाहिलेला नवा व्हिडिओ गेम अखेर संगणकावर उतरलेला असतो. ‘अकरा वाजता बंद करायचा,’ असे मनाशी ठरवून एक जण खेळायला बसतो. अकरा वाजतात, साडेअकरा होतात. ‘एवढा पूल ओलांडू आणि थांबू’ म्हणता म्हणता पहाटेचे तीन वाजतात. दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरतात, मुलाला सकाळी पोहायला नेण्याचे दिलेले वचन हुकते आणि दिवसभर मन स्वतःवरच चिडलेले राहते.

त्याच रात्री दुसऱ्या एका घरात दुसरा एक जण अकराच्या ठोक्याला यंत्र बंद करतो. त्याने नियम पाळलेला असतो. पण त्या दोन तासांत त्याचे अर्धे लक्ष घड्याळाकडे होते. कोणती वाट आधी घ्यावी, कोणते शस्त्र निवडावे, हेही त्याने आधीच कुठून तरी वाचून ठेवले होते. वेळ वाया जायला नको म्हणून. खेळ कसा होता, असे कोणी विचारले तर त्याला नीट सांगता येत नाही. पहिल्याचा नियम मोडला, दुसऱ्याचा खेळ मोडला.

वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु स्वतःला घालून घेतलेली शिस्त आणि मनाला येईल तसे रमणे यांतला हा झगडा केवळ व्हिडिओ गेमपुरता नाही. रात्रीची झोप, घरच्यांना दिलेला शब्द आणि ‘आपण ठरवले ते करू शकतो’ हा स्वतःवरचा विश्वास, एवढ्या गोष्टी त्यात पणाला लागलेल्या असतात. खेळाचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञांनी आणि इच्छाशक्तीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी या झगड्याच्या दोन्ही बाजू निरनिराळ्या वाटांनी तपासल्या आहेत. त्या एकत्र ठेवून पाहिल्या की नियम आणि मोकळेपणा एकमेकांचे वैरी नाहीत, त्यांच्या जागा तेवढ्या चुकतात, असे दिसू लागते.

खेळाची दोन रूपे

फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात खेळाची दोन टोके सांगितली. एका टोकाला ‘पायदिया’, म्हणजे उत्स्फूर्त, अनिर्बंध बागडणे. दुसऱ्या टोकाला ‘लुडस’, म्हणजे नियमांनी बांधलेला, कौशल्याची कसोटी पाहणारा खेळ. अंगणात उगाच गोल गोल फिरून चक्कर येईपर्यंत हसणारे मूल पहिल्या टोकाशी आहे, तर बुद्धिबळाच्या पटावर वाकलेला खेळाडू दुसऱ्या टोकाशी. बहुतेक खेळ या दोहोंच्या मध्ये कुठे तरी असतात.

चाळीतल्या क्रिकेटचे उदाहरण घ्या. खेळ सुरू होतो तो निव्वळ उत्साहाने. एक बॅट, एक चेंडू आणि भिंतीवर कोळशाने ओढलेल्या तीन रेघा. पण पहिल्या दहा मिनिटांतच नियम जन्माला येतात. समोरच्या गॅलरीत चेंडू गेला तर बाद. एक टप्पा पडून एका हाताने झेलला तरी बाद. काच फुटली तर मारणाऱ्याने भरून द्यायची. हे नियम कोणी वरून लादलेले नसतात. जागा अपुरी असते, चेंडू एकच असतो आणि खेळ पुढे चालू राहायला हवा असतो. त्या गरजेतून ते उगवतात. उत्स्फूर्ततेच्या पोटातून नियम येतो तो असा.

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये याच गोष्टीचा आणखी खोलात जाऊन विचार मांडला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, खेळणे म्हणजे अनावश्यक अडथळे आपण होऊन स्वीकारणे. कॅरमच्या सोंगट्या भोकात टाकायच्याच असतील तर हाताने उचलून टाकणे सर्वांत सोपे. पण मग कॅरम उरत नाही. स्ट्रायकरनेच मारायचे, ठरावीक रेषेवरूनच मारायचे, ही अडचण आपण मान्य करतो म्हणून खेळ घडतो. नियम हा खेळाचा शत्रू असता, तर कोणताच खेळ संभवला नसता.

पहिल्या भेटीचे मोल

तरीही नवा खेळ ही एक वेगळी गोष्ट आहे. तो पहिल्यांदा एकदाच खेळता येतो.

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा निन्टेन्डो कंपनीचा खेळ १९८६ साली जपानमध्ये आला. त्याचे जनक शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे या गावी गेले. आसपासच्या रानात भटकताना अचानक सापडलेली गुहा आणि कंदील घेऊन तिच्यात शिरण्याचा अनुभव या खेळामागे आहे, असे त्यांनी सांगितले आहे. खेळ सुरू होतो तेव्हा नायक एका मोकळ्या जागी उभा असतो. कोणत्या दिशेला जायचे ते कोणी सांगत नाही. जवळच एका गुहेचे काळे दार दिसते. आत गेले तर एक म्हातारा तलवार देतो. न जाता खेळाडू तसाच नि:शस्त्र पुढेही निघू शकतो. याच मालिकेतल्या २०१७ सालच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या खेळात सुरुवातीचे पठार ओलांडल्यावर वाटल्यास थेट शेवटच्या शत्रूकडेही जाता येते. वाट चुकणे हाच अशा खेळांचा गाभा आहे.

अशा खेळात आधीच मार्गदर्शिका वाचून, ‘एकही वस्तू सुटता कामा नये’, ‘एकदाही हरता कामा नये’ असे नियम करून उतरणे म्हणजे अनोळखी गावात डोळ्यांपुढे नकाशा धरून फिरण्यासारखे आहे. गाव पाहून होते, पण ते गवसत नाही. कुतूहल, भीती, फसगत आणि अचानक उलगडा या भावना पहिल्या फेरीच्याच असतात. दुसऱ्या फेरीत कौशल्य वाढलेले असते, आश्चर्य मात्र उरत नाही.

नियमांतून नवा खेळ

दुसऱ्या फेरीत मात्र नियमच आश्चर्य परत आणू शकतात. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ‘नझलॉक’. २०१० साली निक फ्रँको या अमेरिकन तरुणाने ‘पोकेमॉन रुबी’ या जुन्या खेळावर स्वतःचे दोन नियम लादले. मूळ खेळात लढाईत मूर्च्छित पडलेला प्राणी उपचार केंद्रात नेला की पुन्हा ताजातवाना होतो. फ्रँकोच्या नियमात तो मेला असे समजून कायमचा सोडून द्यायचा. मूळ खेळात हवे ते प्राणी पकडता येतात. त्याच्या नियमात प्रत्येक प्रदेशात जो पहिला समोर येईल तोच पकडायचा. या अनुभवावर त्याने चित्रकथा काढली. तिच्यातल्या ‘नझलीफ’ नावाच्या प्राण्याला ‘लॉस्ट’ या दूरचित्रवाणी मालिकेतल्या जॉन लॉक या पात्राचा चेहरा दिला होता; त्यावरून ‘नझलॉक’ हे नाव पडले. पुढे जगभरच्या खेळाडूंनी हे नियम उचलले आणि प्रत्येक प्राण्याला स्वतः नाव द्यायचे, असा तिसरा नियमही रूढ झाला.

परिणाम विलक्षण झाला. ज्या खेळात हरण्याला फारसा अर्थ नव्हता, तिथे प्रत्येक लढाईला वजन आले. योगायोगाने हाती लागलेला, एरवी दुर्लक्षिलेला एखादा दुबळा प्राणी जिवाभावाचा सोबती झाला. खेळाच्या आज्ञावलीत एक अक्षरही बदललेले नव्हते. बदलला होता तो खेळाडूचा स्वतःशी झालेला करार. फसवणूक करायची तर रोखणारे कोणी नव्हते. तरी हा करार हजारोंनी पाळला, कारण तो मोडला की आपलाच आनंद मोडतो हे त्यांना कळत होते.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. फ्रँकोच्या हाती होता तो जुना खेळ. जो पट आपल्याला माहीत आहे, त्यावर कोणती अडचण रंगत आणील हे आपण ओळखू शकतो. न पाहिलेल्या पटावर आधीच निर्बंध घालणे ही शिस्त नसून अंदाजाने मारलेला बाण असतो.

अंगठा आणि चंद्र

खेळाच्या आतले नियम असे आनंददायी असले, तर ‘अकरा वाजता थांबायचे’ हा साधा नियम इतका अवघड का जावा? याचे एक मार्मिक उत्तर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज एन्सली यांनी दिले आहे. डोळ्यासमोर धरलेला अंगठा चंद्र झाकतो, त्याप्रमाणे हाताशी आलेले लहान सुख दूरच्या मोठ्या सुखाला झाकून टाकते. सुख जसजसे दूर, तसतसे त्याचे मनातले मोल घटते. आणि ही घट सारख्या वेगाने न होता अगदी जवळच्या क्षणी तीव्र होते.

समजण्यासाठी एक ढोबळ हिशोब मांडता येईल. उशिरापर्यंत खेळण्याच्या सुखाला ४ गुण आणि सकाळी ताजेतवाने उठण्याच्या सुखाला १० गुण देऊ. सुख जितके तास दूर, त्यात एक मिळवून त्या संख्येने गुणांना भागू. सकाळी अकरा वाजता विचार केला, तर रात्रीचा खेळ १२ तास दूर, म्हणून त्याचे मोल ०.३१ भरते; दुसऱ्या दिवशी सकाळी सातची टवटवी २० तास दूर, तिचे मोल ०.४८. अर्थात निर्णय होतो, ‘आज वेळेवर झोपायचे.’ पण रात्री अकरा वाजता खेळ हातात असतो, त्याचे मोल पूर्ण ४. सकाळ अजून ८ तास दूर, तिचे मोल जेमतेम १.१. बारा तासांत माणूस बदललेला नसतो. फक्त अंगठा डोळ्याजवळ आलेला असतो. सकाळी ठरवणारा खोटा नसतो आणि रात्री मोडणारा दुष्ट नसतो. एकाच माणसातले ते दोन पक्ष आहेत.

या मोहावर एक उपाय म्हणजे स्वतःला आधीच बांधून घेणे. ग्रीक महाकाव्यातल्या ओडिसियसने समुद्रकन्यांचे गाणे ऐकण्यापूर्वी स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले, तो हाच उपाय. एन्सली यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर काही कबुतरेही नंतर येणारा मोह आधीच टाळण्यासाठी कळ दाबायला शिकली होती. परंतु रोजच्या जगण्यात दर वेळी डोलकाठी सापडत नाही. तिथे माणूस दुसरे हत्यार वापरतो; एन्सली त्याला ‘वैयक्तिक नियम’ म्हणतात. नियम केला की ‘आज खेळू की झोपू’ एवढाच प्रश्न राहत नाही. ‘आज मोडले तर उद्याही मोडेन, मग कोणतीच रात्र पाळली जाणार नाही’ असा त्याचा विस्तार होतो. न्यायालयातल्या एका निकालाचा जसा पायंडा पडतो, तसा आजच्या निर्णयाचा पुढच्या सगळ्या रात्रींवर पायंडा पडतो. एका रात्रीच्या खेळासमोर असंख्य सकाळी उभ्या राहतात आणि दुसरे पारडे जड होऊ लागते.

मोडलेल्या नियमाचे दुखणे

या हत्याराला दुसरी धारही आहे. ज्या नियमावर आपण स्वतःचा विश्वास टांगलेला असतो, तो एकदा मोडला की नुकसान केवळ त्या रात्रीचे होत नाही. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या संशोधकांनी १९७५ साली केलेल्या प्रयोगात आहारावर निर्बंध पाळणाऱ्या विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिले आणि नंतर आइस्क्रीम पुढे ठेवले. निर्बंध न पाळणाऱ्यांनी पोट भरल्यामुळे आइस्क्रीम कमी खाल्ले. निर्बंध पाळणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्ले. पथ्य मोडलेच आहे, मग आता कशाला आवरायचे, ही ती मनोवृत्ती. साडेअकराला थांबता आले असते, पण अकराचा नियम तर मोडलाच, म्हणून तीन वाजतात, यामागेही हेच आहे.

नियम फार कडक धरला तर तो माणसालाच धरून ठेवतो, हे एन्सली यांनीही बजावले आहे. आपल्या परंपरेत याचे उदाहरण फार पूर्वीपासून आहे. महाभारताच्या सभापर्वातला युधिष्ठिर द्यूताला बसतो तो केवळ मोहाने नव्हे. आव्हान आले तर माघार घ्यायची नाही, हे आपले व्रत आहे, असे तो सांगतो. द्यूताचे दोष त्याला ठाऊक असतात. तरी नियम मोडायचा नाही म्हणून तो खेळतो आणि सर्वस्व घालवतो. ज्या कारणासाठी नियम केला ते कारण विसरून नियमच सांभाळत बसले की काय होते, हे त्या सभेने पाहिले.

थांबू न देणारी रचना

यात सगळा भार खेळणाऱ्याच्या मनावर टाकणेही न्याय्य नाही. १९९१ साली आलेल्या सिड मायर यांच्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळात प्रत्येक खेळीअखेर काही तरी अर्धवट राहिलेले असते: कुठे धान्याचे कोठार पूर्ण व्हायचे असते, कुठे जहाज किनाऱ्याला लागायचे असते. ‘आणखी एकच खेळी’ हा त्या खेळाच्या चाहत्यांचा परवलीचा शब्दच झाला. २००९ ते २०२० या काळात चाललेल्या ‘फार्मव्हिल’मध्ये पेरलेले पीक वेळेवर कापले नाही तर सुकून जाई, म्हणजे खेळच खेळाडूला परत येण्याची वेळ ठरवून देत असे. रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली, हे आता मोबाइलवरच्या असंख्य खेळांचे नेहमीचे सूत्र आहे. इथे उत्स्फूर्तपणे खेळतो आहोत असे वाटत असले, तरी नियम दुसऱ्याचाच चालू असतो.

घराघरांत होणाऱ्या वादाचे मूळही अनेकदा खेळाच्या घडणीत असते. ‘बीजीएमआय’सारख्या खेळातला मोठा सामना सुमारे अर्ध्या तासाचा असतो आणि त्यात सोबत्यांची तुकडी असते. ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ असे आई म्हणते तेव्हा मुलाच्या दृष्टीने ते भर सामन्यात मैदान सोडण्यासारखे असते. ‘एक तास’ हा घड्याळाचा नियम अशा खेळाला बसत नाही. ‘दोन सामने’ हा बसतो.

बाहेरून लादलेल्या नियमांचा अनुभवही बोलका आहे. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत ऑनलाइन खेळ बंद केले. २०२१ साली तो कायदा रद्द करण्याचा निर्णय झाला. चीनने २०१९ मध्ये अल्पवयीनांच्या ऑनलाइन खेळण्यावर वेळेची मर्यादा घातली आणि २०२१ मध्ये ती शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ इतकी आवळली. त्यातल्या २०१९ च्या निर्बंधानंतर अतिखेळणे कमी झाल्याचा पुरावा तपासलेल्या आकडेवारीत आढळला नाही, असा निष्कर्ष २०२३ साली ‘नेचर ह्यूमन बिहेव्हियर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नियमाला आतून संमती नसेल तर माणूस पळवाट शोधतो, हे त्यातून दिसते.

उंबरठ्यावरचा नियम

मग करावे काय? या सगळ्यातून निघणारे सूत्र असे की, नियम खेळाच्या उंबरठ्यावर असावा, खेळाच्या आत नसावा. कधी बसायचे, कुठे थांबायचे, कोणत्या कामानंतर बसायचे, हे आधी ठरवावे. एकदा आत गेल्यावर मात्र मनसोक्त भटकावे, चुकावे, हरावे. पहिल्या फेरीत मार्गदर्शिका बाजूला ठेवावी. नझलॉकसारखी बंधने दुसऱ्या फेरीसाठी राखावीत.

थांबण्याची खूण खेळाच्या मापाने ठरवावी: एक प्रकरण, दोन सामने, एक गड. घड्याळ हवेच असेल तर ‘साडेदहानंतर नवा सामना सुरू करायचा नाही’ हा नियम ‘अकराला बंद करायचे’ यापेक्षा पाळायला सोपा; कारण न सुरू करणे हे मध्येच तोडण्यापेक्षा हलके असते. खेळ निवडतानाही त्याला शेवट आहे का, हे पाहावे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा २०२० सालचा ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ काही बैठकांत पूर्ण होतो; अंतच नसलेल्या खेळाशी करार करणे त्याहून कठीण.

आपल्याकडच्या व्रतांत एक शहाणपण आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी आजी जन्मभराची प्रतिज्ञा करत नाही. व्रताला आरंभ असतो, मुदत असते आणि शेवटी उद्यापन असते. मुदतीचा नियम माणसाला पेलतो. तसेच, सवलत आधीच ठरवलेली असेल तर ती नियमाचा भाग होते. ऐन वेळी दिली तर ती पळवाट ठरते. नवा खेळ येणार असेल तर एखादा शनिवार त्याच्यासाठी मोकळा ठेवावा, घरच्यांना तसे सांगावे आणि त्या दिवशी घड्याळाकडे पाहू नये. उत्स्फूर्ततेसाठीही जागा राखावी लागते.

अर्थात काहींच्या बाबतीत प्रश्न नियमाच्या कुवतीपलीकडे गेलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात खेळण्यासंबंधीच्या विकाराची नोंद आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, ही त्याची लक्षणे. ती सामान्यतः किमान बारा महिने दिसावी लागतात. अशा वेळी स्वतःला दोष देत नवे नियम करत बसण्यापेक्षा तज्ज्ञाकडे जाणे हिताचे.

बाकीच्यांसाठी प्रश्न एवढाच उरतो की, आपला नियम कोणाची राखण करतो. तो सकाळची पोहण्याची वेळ राखत असेल आणि रात्रीचे दोन तास निर्धास्त करत असेल, तर तो बरोबर जागी आहे. चाळीतल्या मुलांनाही हे ठाऊक असते. गॅलरीत चेंडू गेला की बाद, हे एकदा ठरले की मग काचेची धास्ती न बाळगता प्रत्येक जण आपल्या डावात मोकळेपणाने बॅट फिरवतो.